तोच हा अँथनी? : सनदा आणि कोर्टाच्या वह्यांतून एका घराण्याचा माग



आजचा विषय जरा लांबचा आहे, पण ऐकता ऐकता जवळचा वाटू लागेल अशी आशा आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात अटलांटिक महासागर आणि चेसापीकचा उपसागर यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला ईस्टर्न शोअर म्हणतात. सतराव्या शतकात तिथे एक कुटुंब राहत होतं. अँथनी जॉन्सन, त्याची बायको मेरी आणि त्यांची मुलं. नवरा-बायको दोघंही कृष्णवर्णीय, इंग्रजांच्या वसाहतीत नोकर म्हणून आलेले, पुढे स्वतंत्र झालेले आणि जमिनीचे मालक बनलेले. या कुटुंबाचं ना पत्र आहे, ना रोजनिशी, ना चित्र. तरीसुद्धा त्यांच्या तीन पिढ्या आपल्याला नावानिशी माहीत आहेत. कशामुळे? कोर्टाच्या वह्या आणि जमिनीचे कागद यांच्यामुळे.

माझा विषय तत्त्वज्ञान. मग मी या वह्यांत कशाला डोकावतो, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं कारण एक जुना प्रश्न. वेदान्ताच्या वर्गात 'सोऽयं देवदत्तः' हे उदाहरण हमखास येतं. 'तोच हा देवदत्त.' मागे कधीतरी पाहिलेला देवदत्त आणि आज समोर उभा असलेला माणूस, हे दोघे एकच, हे आपण ओळखतो ते कसं? आता गंमत बघा. त्या उदाहरणात निदान दोन्ही वेळा माणूस डोळ्यांनी पाहिलेला असतो. वंशावळ शोधणाऱ्याने ना पहिल्याला पाहिलेलं असतं, ना दुसऱ्याला. त्याच्यापुढे असतात फक्त दोन कागद, आणि त्यावर दोन नावं. 'तोच हा' असं म्हणायचा अधिकार त्याला कुठून मिळतो? आज आपल्याला हे बघायचं आहे.

पहिले दोन कागद

१६२५ च्या सुरुवातीला व्हर्जिनिया वसाहतीत एक शिरगणती झाली. कोणत्या मळ्यावर कोण माणसं, ती कोणत्या जहाजाने आणि कोणत्या वर्षी आली, हे त्यात नोंदवलं आहे. बेनेट यांच्या मळ्यावरच्या नोकरांत दोन नावं आहेत. एक 'अँटोनिओ, निग्रो', १६२१ साली 'जेम्स' जहाजाने आलेला. दुसरी 'मेरी, निग्रो बाई', १६२२ साली 'मार्गारेट अँड जॉन' जहाजाने आलेली. आडनाव कोणालाच नाही. दोघं नवरा-बायको आहेत असंही लिहिलेलं नाही. 'निग्रो' हा शब्द मी वापरतोय तो वहीत आहे म्हणून, एवढं लक्षात असू द्या.

याच मळ्यावर २२ मार्च १६२२ रोजी मोठा हल्ला झाला होता. पाउहाटन संघातल्या मूळ रहिवासी जमातींनी त्या दिवशी साऱ्या वसाहतीत मिळून सुमारे साडेतीनशे इंग्रज मारले. बेनेटच्या मळ्यावर पन्नासच्या वर माणसं गेली, फार थोडी वाचली. अँटोनिओ १६२१ ला आलेला आणि १६२५ ला जिवंत. म्हणजे तो वाचलेल्यांपैकी एक, असं इतिहासकार म्हणतात. हे अनुमान आहे बरं का, प्रत्यक्ष नोंद नाही. त्या दिवशी तो दुसरीकडे कुठे कामाला गेला नसेलच, असं कागद म्हणत नाही.

आता दुसरा कागद. तो नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या कोर्टाचा, २८ फेब्रुवारीचा. साल? वंशावळी शोधणारे ते १६५२/३ असं तिरकी रेघ देऊन लिहितात. कारण तेव्हा इंग्रजी कायद्याप्रमाणे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आणि १७५२ पर्यंत हीच रीत चालू होती. त्यामुळे वहीतलं १६५२ चं फेब्रुवारी म्हणजे आपल्या हिशेबाने १६५३ चं फेब्रुवारी. ही एक रेघ विसरली की आईच्या आधी मुलगा जन्माला येतो! असे चमत्कार मी छापील वंशावळींत पाहिलेले आहेत.

काय आहे त्या हुकमात? अँथनी जॉन्सन आणि मेरी यांचं आगीत मोठं नुकसान झालं होतं. त्यांनी कोर्टाकडे सवलत मागितली. कोर्टाने मेरी आणि त्यांच्या दोन मुली यांना हयातभर करातून माफी दिली. आता यातली एक गोष्ट नीट ऐका. गोऱ्या बायकांवर असा कर सहसा नव्हताच. १६४३ च्या कायद्याने तो आफ्रिकी बायकांवर मात्र बसवला होता. म्हणजे माफी मिळाली म्हणून आपल्याला मेरीचं नाव कळतं, आणि माफी मागावी लागली ती कायद्याने तिला वेगळं काढलं होतं म्हणून. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याची बायको वर्षानुवर्षं वहीत कुठेच दिसत नाही, कारण तिला कशाची माफी मागायची गरजच पडत नाही.

माफी देताना कोर्टाने कारण लिहिलं आहे: हे दोघं तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात राहत आहेत, आणि त्यांचे कष्ट सर्वांना ठाऊक आहेत.

तीस वर्षांहून अधिक. १६५३ मधून तीस वजा करा. १६२३ च्या आधी आलेले. पहिल्या कागदावरचे अँटोनिओ आणि मेरी कधी आले? १६२१ आणि १६२२. त्या काळात वसाहतीत आफ्रिकी माणसं मोजकीच, शिरगणतीत जेमतेम दोन डझन. त्यात अँटोनिओ आणि मेरी एकाच मळ्यावर. 'अँटोनिओ' हे पोर्तुगीज वळणाचं नाव, इंग्रजांच्या तोंडात त्याचं 'अँथनी' होणं सहज. आणि तीस वर्षांनी एक अँथनी आणि एक मेरी, तेवढाच काळ तिथे राहिलेले. चार धागे एकाच ठिकाणी येतात. यातला एकेक धागा कच्चा आहे. चारही मिळून दोर बराच भक्कम होतो. 'तोच हा अँथनी' असं आपण म्हणतो ते या दोरावर.

पण मधल्या काळाचं काय? हे दोघं स्वतंत्र कधी झाले, कसे झाले, 'जॉन्सन' हे आडनाव कुठून आलं, बेनेटचा मळा सोडून खाडीपलीकडे कसे गेले, याचा कागद नाही. कागद नाही म्हणजे तिथे पोकळी आहे, आणि पोकळी ही पोकळी म्हणूनच दाखवायची. तिथे आपल्या मनातली गोष्ट भरायची नाही.

सनद काय सांगते, काय सांगत नाही

२४ जुलै १६५१ रोजी अँथनीला २५० एकर जमिनीची सनद मिळाली. ही जमीन कशी मिळाली ते समजून घेऊ. व्हर्जिनियात हेडराइट नावाची पद्धत होती. हेड म्हणजे डोकं. जो कोणी एखाद्या माणसाच्या प्रवासाचा खर्च करून त्याला वसाहतीत आणेल, त्याला डोईमागे ५० एकर जमीन. २५० एकर म्हणजे पाच डोकी. सनदेत त्या पाच जणांची नावं असतात, आणि वंशावळ शोधणारे त्यांच्यावर तुटून पडतात. 'बघा, माझा पूर्वज १६५१ ला आला!'

थांबा. हे हक्क विकत घेता येत, विकता येत, वर्षानुवर्षं राखून ठेवता येत. त्यामुळे सनदेची तारीख म्हणजे माणूस उतरल्याची तारीख नव्हे. आणि सनद घेणारा त्या माणसांना ओळखत होता, असंही त्यावरून ठरत नाही. अँथनीच्या यादीत तर एक नाव 'रिचर्ड जॉन्सन' आहे. अँथनीच्या एका मुलाचं नाव रिचर्ड. मुलगा व्हर्जिनियातच जन्मला असेल तर बापाने त्याचा जहाजप्रवास कुठला दाखवला? मग हा दुसराच कोणी रिचर्ड, की वसाहतीत सर्रास चालायची तशी कागदावरची करामत? नुसत्या सनदेवरून ते ठरत नाही. नाव तेच म्हणून माणूस तोच, ही घाई नको.

याच यादीत एक विचित्र नाव आहे, जॉन गेसोरोरो असं काहीसं वाचलं जाणारं. अनेकांच्या मते हा जॉन केसर, ज्याच्याकडे मी आता येणार आहे. लेखनिक कानावर पडेल तसं लिहायचा, आणि परकं नाव त्याच्या लेखणीत दर वेळी नवं रूप घ्यायचं.

नावांच्या या गोंधळाचा सर्वांत बोलका नमुना सांगतो. १६४० च्या दशकातली एक नोंद आहे. 'अँथनी द निग्रो' नावाचा एक शेतकरी, ज्याच्याबरोबर त्याचा मका सामाईक होता त्या कॅप्टनपासून वाटणी झाल्यावर आनंदाने सांगतो की आता माझी जमीन कोणती ते मला कळलं, आता वाटेल तेव्हा काम करीन आणि वाटेल तेव्हा मौज करीन. काय बहारीचं बोलणं आहे! टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनेस या इतिहासकारांनी १९८० साली या समाजावर जो छोटासा ग्रंथ लिहिला, त्याचं नावच या बोलण्यातून घेतलं आहे. पण हा अँथनी कोणता? नोंदीत आडनाव नाही. त्याच काउंटीत अँथनी लाँगो नावाचा आणखी एक स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी होता. ते बोलणं आपल्या अँथनीच्या तोंडचं असावं असं आपल्याला फार वाटतं, कारण गोष्टीत ते शोभून दिसतं. पण शोभतं हा काही पुरावा नव्हे.

जॉन केसरची जबानी

आता अवघड भाग. १६५४ साली जॉन केसर नावाचा कृष्णवर्णीय माणूस अँथनीकडे कामाला होता. सॅम्युएल गोल्डस्मिथ नावाचा गोरा शेतकरी अँथनीच्या घरी तंबाखूचं पिंप न्यायला गेला असता केसरने त्याला गाठलं. मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत संपून सात वर्षं झाली, तरी जॉन्सन मला सोडत नाही, असं तो म्हणाला. अँथनीचं म्हणणं असं की करार वगैरे काही नाही, हा आयुष्यभरासाठी माझा आहे. घरच्यांनी समजूत घातल्यावर त्याने केसरला सोडलं. केसर रॉबर्ट पार्कर या गोऱ्या शेतकऱ्याकडे कामाला लागला. मग अँथनीचं मन फिरलं. तो कोर्टात गेला. आणि मार्च १६५५ मध्ये कोर्टाने निकाल दिला: केसरला जॉन्सनकडे परत पाठवा.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? गोल्डस्मिथच्या जबानीतून आणि कोर्टाच्या हुकमातून. भांडण झालं नसतं तर केसर हा माणूस होऊन गेला हेदेखील आपल्याला नीटसं कळलं नसतं.

या निकालाचा आज फार गैरवापर होतो. 'अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळाच होता' असं वाक्य फेकलं जातं आणि त्यातून गुलामगिरीचा हिशेब चुकता झाल्यासारखं दाखवलं जातं. हे वाक्य खोटं आहे. १६४० सालीच जॉन पंच या कृष्णवर्णीय नोकराला पळून गेल्याबद्दल आयुष्यभराच्या चाकरीची शिक्षा झाली होती. त्याच्याबरोबर पळालेल्या दोन गोऱ्या नोकरांची मुदत मात्र काही वर्षांनीच वाढवली. निकाल तोच, न्यायासन तेच, फरक फक्त कातडीचा. दुसऱ्या बाजूला काही जण अँथनीचा असा गौरव करतात की त्यात केसर अदृश्यच होतो. दोन्ही प्रकार सारखेच वाईट. वंशावळीचा अभ्यास प्रामाणिक असेल तर त्यात आपला पूर्वज मोठाही निघतो आणि छोटाही, आणि कधी कधी एकाच पानावर.

खाडी ओलांडल्यावर

१६६० च्या दशकात कुटुंब उत्तरेला मेरीलँडमधल्या सॉमरसेट काउंटीत गेलं. इथे व्यवहारातली एक सूचना. कुटुंब सरकलं की कागदांची वहीही बदलते. आणि कधी कुटुंब जागच्या जागी असतं, पण काउंटीची हद्द सरकते. ईस्टर्न शोअरची काउंटी आधी अकोमॅक, मग तिचंच नाव नॉर्थॅम्प्टन, पुढे १६६० च्या दशकात तिची दोन भागांत फाळणी. फाळणीनंतर जुने कागद मूळ काउंटीतच राहतात. 'सापडत नाही' म्हणणारे पुष्कळदा चुकीच्या कचेरीत बसलेले असतात. नॉर्थॅम्प्टनच्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्या आहेत, सगळ्या अमेरिकेत इतकी जुनी सलग मालिका दुसरी नाही. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांचे कागद मात्र आगीत आणि यादवी युद्धात गेले. म्हणजे जॉन्सन घराणं आपल्याला माहीत आहे आणि त्यांच्यासारखी दुसरी नाहीत, याला नशिबाचाही हात आहे.

मेरीलँडमध्ये अँथनीने ३०० एकरांचा भाडेपट्टा घेतला. त्या जागेचं नाव 'टोनीज व्हिनयार्ड', टोनीचा द्राक्षमळा. तिथेच तो वारला. मेरी त्याच्यामागे राहिली, आणि तिने नातवंडांच्या नावाने गुरं लिहून दिली. गुरांच्या नोंदी क्षुल्लक वाटतात, पण वंशावळीसाठी त्या सोन्यासारख्या, कारण त्यात आजीच्या तोंडून नातवाचं नाव आणि नातं दोन्ही मिळतं. केसरही कुटुंबाबरोबर मेरीलँडला गेला होता. मेरीच्या संमतीने त्याने स्वतःच्या गुरांची खूण कोर्टात नोंदवल्याची नोंद आहे. आयुष्यभराचा चाकर, पण गुरं स्वतःची. इतक्या गुंतागुंतीचं जग होतं ते.

१६७७ साली जॉन नावाच्या नातवाने ४४ एकर जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'अंगोला'. साऱ्या कागदांत आफ्रिकेकडे बोट दाखवणारा हा एकच शब्द. त्या सुरुवातीच्या काळात व्हर्जिनियात आलेले बहुतेक आफ्रिकी लोक पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंगोलाच्या बाजूचे होते, हेही खरं. मग अँथनी अंगोलाचा? शक्यता चांगली आहे. पण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. नातवाला आजोबांनी सांगितलेलं एक नाव आठवत होतं, आणि ते त्याने जमिनीला दिलं, असं मला मनापासून वाटतं. पण 'वाटतं' हा शब्द त्या वाक्यातून काढायचा नाही.

ज्यूरीचं एक वाक्य

अँथनी १६७० मध्ये वारला. त्याच वर्षी मागे व्हर्जिनियात एका ज्यूरीपुढे त्याच्या जमिनीचा प्रश्न आला. त्या ज्यूरीने ठरवलं की अँथनी जॉन्सन निग्रो होता, त्या अर्थी तो परकीय होता, सबब जमीन राजाकडे जमा.

याच ईस्टर्न शोअरच्या कोर्टाने सतरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं की हा माणूस तीस वर्षांहून अधिक काळ इथला रहिवासी आहे. याच वसाहतीने त्याला सनद दिली होती. याच कोर्टाने त्याची फिर्याद ऐकून गोऱ्या पार्करविरुद्ध निकाल दिला होता. माणूस तोच. बदललं काय? १६६२ मध्ये कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. एकामागून एक कायदे येत गेले, आणि काळा माणूस म्हणजे मालमत्ता हे समीकरण घट्ट होत गेलं. 'तोच हा अँथनी' याचं उत्तर आपण चार धाग्यांनी शोधत होतो. ज्यूरीने ते एका शब्दात बदलून टाकलं, आणि तेही तो हयात नसताना.

आता मला जे सांगायचं आहे ते एवढंच. हे कागद घराण्याची आठवण राहावी म्हणून कोणी लिहिले नाहीत. कर वसूल करायला, जमीन वाटायला, भांडण मिटवायला, शिक्षा द्यायला लिहिले. म्हणून कोणताही कागद हाती आला की आधी विचारायचं: हा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, यात कोणाचा फायदा होता? आणि मग विचारायचं: यात माझा पूर्वज आहे का?

पॉल हाइनेग या संशोधकाने व्हर्जिनिया आणि आसपासच्या वसाहतींतल्या शेकडो स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वंशावळी अशाच वह्यांतून जुळवल्या. त्यातून दिसलं की यातली बरीच कुटुंबं गोऱ्या नोकर बायका आणि आफ्रिकी पुरुष यांच्यापासून सुरू झाली. हे कळलं कशावरून? अशा बायकांना कोर्टाने शिक्षा केल्या म्हणून. १६९१ च्या कायद्याने त्यांच्या मुलांना तीस वर्षं चाकरीत बांधलं, आणि त्या बांधणीचे हुकूम वहीत राहिले. ज्या कायद्याने त्या आईला लाज आणायची होती, त्याच कायद्याने तिचं नाव जपून ठेवलं. १७९३ पासून तर व्हर्जिनियात स्वतंत्र कृष्णवर्णीयांना काउंटीच्या कचेरीत नाव नोंदवणं सक्तीचं झालं. तिथे आपली आई स्वतंत्र होती हे दाखवणं म्हणजे आपण स्वतंत्र आहोत हे दाखवणं. वंशावळ हा त्यांचा छंद नव्हता. तिच्यावर त्यांचं स्वातंत्र्य अवलंबून होतं.

आणि ज्यांची आई गुलाम होती, त्यांचं काय? १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत मालकाचं नाव आहे, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. मुक्त झालेली माणसं जनगणनेत सरसकट नावानिशी येतात ती १८७० मध्ये. आज कोट्यवधी अमेरिकन लोकांचा शोध त्या साली येऊन अडतो. जॉन्सन घराण्याची गोष्ट एवढी मोलाची का, ते आता लक्षात येईल.

आपल्याकडेही वतनाच्या तंट्यांमुळेच कित्येक घराण्यांची नावं दप्तरांत राहिली. तेव्हा तुमच्यापैकी कोणी आपल्या घराचा शोध घेत असेल तर एक वही करा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या कागदावरून, तो कागद कशासाठी झाला होता, आणि 'तोच हा' असं आपण किती खात्रीने म्हणतो. जिथे खात्री नाही तिथे जागा मोकळी सोडा. पुढे कोणीतरी ती भरेल, किंवा नाही भरणार. पण आपण चुकीचं नाव भरलं, तर ज्याचं नाव खरंच तिथे असायला हवं होतं, त्याला आपणही त्या ज्यूरीसारखंच परकं ठरवलेलं असेल.

 आता प्रश्न विचारा.